जोडे काढा, मग निघा

हल्ली आमच्या जळगावात ज्याला त्याला तंबूचं याड लागलंय. मोबाईलवर मागवायचा, रविवारी गाडीच्या डिकीत टाकायचा आणि चालले सातपुड्यात. जाऊ द्या, जाण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते परत येण्याबद्दल. मध्यंतरी पाल गावाच्या पुढे एका ओढ्याकाठी भाच्याबरोबर गेलो होतो. आमच्या आधी कोणीतरी तिथं राहून गेलेलं. झाडाला टॉवेल तसाच लटकलेला, गवतात एका पायातली चप्पल, आणि मातीत अर्धी रुतलेली तंबूची मेख, म्हणजे ती दोर ताणून बांधायची लोखंडी खुंटी. चप्पल पाहून हसू आलं, मेख पाहून डोकं फिरलं. भाचा म्हणाला, "मामा, एवढं काय त्यात? लोखंडाचा तुकडा तर आहे." आता या माणसाला काय सांगणार? त्याला लीलाअक्का भेटलेली नव्हती.

लीलाअक्का नारखेडे आमच्या शाळेत पी.टी. शिकवायची आणि मी गणित. शाळा जामनेर तालुक्यातली. नाव घेत नाही, घेण्यासारखं तिथं फारसं काही उरलेलंही नाही. अक्का माझ्यापेक्षा वयानं बरीच मोठी, तोंडावर आम्ही सगळे "अक्का, तुम्ही" म्हणायचो. आठवणीत मात्र ती एकेरीतच येते. बुटकी, काळीसावळी, नऊवारी नव्हे पण साडीच, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बोदवडकडची लेवा पाटलांची लेक. वर्गात शिक्षणाधिकारी येवोत नाहीतर मंत्री, तिनं आपली गावची बोली कधी सोडली नाही. एकदा एका बाईंनी सुचवलं, "अक्का, पाहुण्यांसमोर तरी जरा शुद्ध बोला." अक्का म्हणाली, "बाई, मी काय चोरी करून राह्यली का?" विषय संपला.

तिला एक खोड होती. कुठूनही निघताना ती मागे वळायची. एसटीतून उतरताना बाकावर हात फिरवायची, बाकाखाली वाकून पाहायची, मागचे लोक ओरडेनात का. कोणाच्या घरी जेवायला गेली तर निघताना त्यांच्या ओसरीवर नजर फिरवायची, आणि घरच्या बाईला वाटायचं ही धूळ पाहतेय. बोदवडच्या एका लग्नात तर कमाल झाली. वऱ्हाड गाडीत बसलं, नारळ फुटला, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, आणि ही उतरून मांडवात परत. लोक वैतागले. पाच मिनिटांनी हिनं गाद्यांच्या ढिगामागून नवरदेवाच्या सख्ख्या चुलत्याला डोळे चोळत बाहेर आणलं. सकाळपासून तो तिथं घोरत होता आणि कोणाला त्याची आठवणही नव्हती. चुलत्याला गाडीत ढकलत अक्का नवरदेवाच्या बापाला म्हणाली, "सोनं पाह्यलं, भांडे पाह्यले, भाऊ पाह्यला का?" तेव्हापासून त्या दोन्ही घरच्या कार्यात शेवटची फेरी अक्काची असायची.

पण अक्का खरी दिसायची ती शिबिरात. दरवर्षी हिवाळ्यात ती मुलींना घेऊन तंबूत राहायला जायची, आणि एक पुरुष शिक्षक लागतो म्हणून मला ओढायची. तंबू लावायला ती काही खास शिकवायची नाही. वाकडा लागला तर वाकडा लागू दे, रात्री वाऱ्यानं पडला की आपोआप शिकाल म्हणायची. तिचा सगळा जीव तंबू उतरवण्यात. सामान बांधून एका बाजूला लावलं की ती जागेच्या मधोमध उभी राहायची आणि टाळी वाजवायची. "चला, जोडे काढा."

मग सगळ्या मुलींनी अनवाणी व्हायचं, हाताला हात लागेल अशी आडवी ओळ धरायची आणि जागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा. एक फेरी उभी, एक आडवी. आणि ओळीच्या दोन टोकांच्या मुलींनी खाली पाहायचंच नाही, त्यांनी झाडाकडे वर पाहायचं, कारण माणूस हरवलेली वस्तू नेहमी खाली शोधतो आणि दोरी, टॉवेल, कंदील सगळं वर टांगतो. पहिल्या वर्षी मी विचारलं, "अक्का, डोळे आहेत ना देवानं दिलेले, पायांना कशाला त्रास?" तर म्हणाली, "सर, निघाच्या टायमाले मानसाचं डोकं घरी जाऊन बसलेलं राह्यते. डोये डोक्यासंगं जाते. पाय तेवढे इथी राह्यते. म्हनून पायालेच इचारा." मी मनात म्हटलं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. पण त्या फेरीत तीन मेखा आणि एका मुलीच्या कानातलं सापडलं, तेव्हा गप्प बसलो.

आता अनवाणी चालायचं म्हटल्यावर काटे आलेच. खताच्या दुकानवाले एक पालक थेट शाळेत आले. मुलीच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता, रात्रभर ठणकत होता. ते तावातावानं बोलले, मुलींना गुरांसारखं वागवता, वर तक्रार करीन, वगैरे. अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग मुलीला बोलावलं, पाय मांडीवर घेतला, पदराची सुई काढून काटा वर आणला आणि बापाच्या तळहातावर ठेवला. म्हणाली, "दुखलं, ते तुमच्या पोरीनं मले सांगितलं, तुमाले सांगितलं. बैलाच्या खुरात मेख गेली तं तो कोनाले सांगीन?" बाप काटा हातात धरून उभा राहिला. तक्रार काही त्यानं केली नाही, पण पुढच्या वर्षी मुलीलाही पाठवलं नाही.

हे बैलाचं अक्का उगाच बोलत नव्हती. त्यामागं हिलाल आबा होते.

धुळ्याच्या पुढे साक्री, तिथून पिंपळनेरकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी हिलाल आबांचं शेत. शेताला लागून नदीकाठची पडीक जमीन, चिंचेची झाडं, हिवाळ्यातही वाहतं पाणी. आमच्याकडे केळीच्या बागा रस्त्यापर्यंत आलेल्या, तंबू ठोकायला वीतभर मोकळी जागा नाही, म्हणून अक्का इतक्या लांब शोधत गेली होती. मी बरोबर होतो. आबा बैलांना पाणी दाखवत होते. तंबू हा शब्द ऐकला आणि त्यांनी तोंडच फिरवलं.

"लोके येतस, नाचतस, लोखंड टाकीसन चालना जातस," ते अहिराणीत म्हणाले. "मन्हा बैल आठेच लंगडा व्हयना. इकना पडना माले."

आधीच्या वर्षी शहरातली कुठली तरी टोळी तिथं राहून गेली होती. त्यांची एक मेख मातीत राहिली. जोडीतल्या डाव्या बैलाच्या खुरात ती गेली, खूर पिकला, बैल बसला तो नीट उठलाच नाही. शेवटी बाजार दाखवावा लागला. आबा हे सांगताना रडले नाहीत, चिडले. मला वाटलं संपलं, चला परत.

अक्का मात्र हलेना. म्हणाली, "आबा, माह्या पोरी राह्यल्या अन् गेल्या, तं जागेले ठाऊक नाई पडनार. शब्द देते."

आबांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "शब्द नको. तुम्हनं बठ्ठं सामान भराई गयं का मन्ही जोडी मी आठेतून फिरावसू. तुम्हीन दखा. मंग जा."

म्हणजे निघण्याआधी आमच्यासमोर, आम्ही सोडलेल्या जागेवरून, त्यांची नवी जोडी चालणार. काही राहिलं असेल तर त्यांच्याच बैलाला लागणार, आणि ते आम्ही डोळ्यांनी पाहायचं. माणूस विश्वास ठेवत होता की नव्हता हे मला अजून कळलेलं नाही. अक्का म्हणाली, "मंजूर."

तेव्हापासून दरवर्षी तसंच व्हायचं. तंबू निघाले, मुलींची फेरी झाली, की आबा जोडी घेऊन यायचे. बैल संथ चालत जागेच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचे. अक्का त्यांच्या खुरांकडे बघत राहायची. बैल पलीकडे पोचले की तिच्या कपाळावर भर थंडीत घाम असायचा. मुलींना ते सगळं देवाच्या पालखीसारखं वाटायचं, कोणी शिकवलं नसताना त्या हात जोडायच्या.

मग शाळेत नवे हेडसर आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला कागदाचा फार सोस. त्यांनी शिबिराला सामानाची छापील यादी करून दिली. आणलं त्यावर खूण, परत नेलं त्यावर खूण, खाली सही. अक्कानं यादी उलटसुलट पाहिली. म्हणाली, "सर, कागद म्हनीन काय आनलं. काय राह्यलं ते जमीनच सांगीन." तिची पद्धत वेगळी होती. प्रत्येक तंबूच्या मेखांसाठी तिनं जुन्या गोधडीच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या होत्या, आत एकेका मेखेचा वेगळा कप्पा. पिशवी उघडली की मोकळा कप्पा तोंड वासून दिसायचा, मोजायची गरज नाही. हेडसरांच्या यादीवर तिनं भाकरी ठेवून खाल्लेली मी पाहिली आहे.

त्या वर्षी हेडसर स्वतः शिबिराला आले. निघायच्या दिवशी संध्याकाळी शाळेत संस्थेच्या अध्यक्षांचा सत्कार होता, आणि आमच्या मुलींनी स्वागतगीत म्हणायचं होतं. जामनेरपर्यंतचा रस्ता लांबचा, म्हणून दुपार व्हायच्या आत निघायचं ठरलं. सकाळी भरीत-पुरी केली. वांगी आमच्याकडचीच, पोत्यातून नेलेली, कारण साक्रीकडच्या वांग्याचं भरीत होत नाही असं आमच्या लोकांचं ठाम मत आहे आणि त्यावर कोणी वाद घालत नाही. आबांनी कापसाच्या वाळल्या काड्या दिल्या, त्यावर वांगी भाजली. इकडे वांगी भाजली जात होती आणि तिकडे तंबू उतरत होते, सगळी नुसती धांदल. दोन-चार भाजलेली वांगी आबांच्या घरी पाठवली. जेवणं झाल्यावर अक्काच्या शिस्तीप्रमाणे विस्तवावर पाणी मारलं, माती ओढली. जोडे निघाले, फेऱ्या झाल्या. आणि पिशव्या उघडल्या तर एका पिशवीत एक कप्पा मोकळा.

पुन्हा फेरी. पुन्हा आडवी, पुन्हा उभी. झाडावर पाहिलं, नदीत पाहिलं, मुलींची अंथरुणं झटकली. मेख नाही. बसवाला हॉर्न देऊ लागला. हेडसर घड्याळ बघत आले.

"अक्का, चला. मेख मी नवी घेऊन देतो. डझनभर घेऊन देतो."

"मले मेख नको, सर. मले जागा मोकयी पायजे."

"अहो, एका मेखेसाठी अध्यक्षांना ताटकळत ठेवायचं?"

तेवढ्यात आबा जोडी घेऊन बांधावर आले. हेडसरांनी आवाज खाली आणला. मी शेजारीच होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. ते म्हणाले, "बैल त्या कडेनं जाऊ द्या. इतक्या मोठ्या जागेत एक मेख. काही होत नाही. आणि झालं तरी आपण इथं नसू."

खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. शोधून दमलो होतो, उन्हं चढली होती, आणि शंभरात नव्याण्णव वेळा काही झालं नसतं. अक्का सरळ बांधाकडे गेली आणि बैलांच्या पुढ्यात उभी राहिली. मुली, ड्रायव्हर, हेडसर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आबा, जोडी आनू नका. एक मेख राह्यली. सापडून नाई राह्यली."

आबांचा चेहरा काळा पडला. त्यांनी कासरा ओढला आणि बैल मागं घेतले. इतक्या वर्षांचा विश्वास त्या क्षणी जातोय हे तिला दिसत होतं, आणि तरी तिनं ते आपल्या तोंडानं सांगितलं. मला आजही त्या बाईचा अभिमान वाटतो, आणि तेव्हा मात्र तिचा भयंकर राग आला होता.

हेडसरांनी मुलींना बसमध्ये बसवलं. अक्का चढली नाही. ते दारातून म्हणाले, "याचा जाब द्यावा लागेल." अक्का म्हणाली, "देईन. आधी मेख पाहू द्या." मग ते मला म्हणाले, "महाजन, तुम्ही थांबा हिच्याजवळ, एसटीनं घेऊन या." बस धुरळा उडवत गेली. मी, अक्का आणि आबा, तिघं त्या मोकळ्या जागेत राहिलो.

आबाही जोडे काढून शोधू लागले. दुपार कलली तेव्हा आबांच्या घरून भाकरी आली, सोबत सकाळची वांगी. चिंचेखाली बसलो. आबांनी एका वांग्याची साल सोलायला घेतली आणि थांबले.

"अक्का, हाई वांगाले आरपार भोक शे. कसानं पाडं व्हई?"

अक्कानं वांगं हातात घेतलं. देठापासून बुडापर्यंत सरळ भोक, करंगळीएवढं. ती उठली ती पळतच विस्तवाच्या जागेकडे. मलाही तेव्हा उजेड पडला. चिमटा कोणाच्या तरी हातात, वांगी करपायला आलेली, आणि तंबू उतरवणाऱ्या कोणा पोरीनं समोरची मेख खुपसून वांगं फिरवलेलं. वांगं देठाला धरून निघालं, मेख निखाऱ्यात राहिली. लाल झालेल्या मेखेला कोण हात लावणार? आणि वर माती ओढली ती अक्काच्याच शिस्तीनं. अनवाणी फेरी करताना गरम म्हणून सगळ्यांनी नेमकी तेवढीच जागा टाळली होती.

अक्कानं हातानंच माती उपसली. आतली राख अजून धुमसत होती, बोटं पोळली, पण काठी शोधायला ती थांबली नाही. मेख निघाली, काळी, वाकडी. अक्का तशीच मातीत बसली. म्हणाली, "सगयीकडी पाय नेले. इस्तवावर नाई नेले. चूक माही हाये, आबा, पोरींची नाई."

आबांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. मग गेले आणि जोडी घेऊन आले. बैल जागेवरून चालले, अगदी राखेच्या खड्ड्याच्या कडेनं. पलीकडे पोचल्यावर आबा म्हणाले, "पुढला साले बी या." पुढल्या वर्षी या, म्हणजे सगळंच आलं.

सत्काराला स्वागतगीत झालं म्हणे. आम्ही पोचलो तोवर खुर्च्या उचलून झाल्या होत्या. अक्काला नोटीस मिळाली. मीटिंगमध्ये हेडसरांनी माफी मागायला सांगितलं. ती उभी राहिली, बोटांना अजून पट्ट्या होत्या. "माफी मांगाची व्हती त्याची मी तिथीच मांगली," ती म्हणाली आणि बसली. शिबिर तिच्याकडून काढलं. पुढच्या वर्षापासून शाळा एका रिसॉर्टवर जाऊ लागली, तिथं तंबू आयते, पलंग आयते, उतरवायचं काहीच नाही. मी त्या शिबिरांना गेलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अक्का काय घरी बसणारी होती? तिनं गल्लीतल्या, नात्यातल्या मुली गोळा केल्या, तंबू मागून आणले आणि एसटीनं साक्री गाठली. शाळेत बातमी पोचली, हेडसरांनी बोलावून विचारलं, "कोणाच्या परवानगीनं?" ती म्हणाली, "हिलाल आबाच्या." ती निवृत्त झाली तरी हे चालूच राहिलं. आता ती सत्तरीच्या पुढे आहे, गुडघे गेलेत. गेल्या हिवाळ्यात मलाही घेऊन गेली. मीही आता निवृत्त, नाही म्हणायला काही सबब राहिली नव्हती.

आबा त्याच्या आधीच्याच पावसाळ्यात वारले होते. बैलही आता नाहीत. आबांचा मुलगा सुभाष ट्रॅक्टर चालवतो, चांगला मुलगा आहे, आदरानं वागला. सकाळी तंबू उतरले, सामान फाट्यावर नेऊन ठेवलं, आणि अक्कानं टाळी वाजवली. सुभाष पुढं आला.

"राहू द्या अक्का, कशाले पोरीस्ले तरास? आते बैल नही शेतस. आबा बी नही. ट्रॅक्टरना टायरले काय व्हस?"

मुलींनी अक्काकडे पाहिलं. थंडी होती, दंव पडलेलं, कोणालाच बूट काढायची हौस नव्हती. तेवढ्यात फाट्यावर एसटी दिसली. ही चुकली की पुढची दुपारी. मी म्हटलं, "अक्का, खरं आहे त्याचं. आता कोणासाठी?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली. मग ती खाली बसली, कारण उभ्यानं तिला वाकता येत नाही, आणि बुटाच्या नाड्या सोडू लागली. बराच वेळ लागला. मुलींपैकी दोघीतिघींनी आपणहून बूट काढले, मग बाकीच्यांनी. एसटीनं हॉर्न दिला, कंडक्टर हात करून ओरडला, आणि गाडी गेली. अक्कानं मान वळवूनही पाहिलं नाही. दोन मुलींच्या खांद्यांवर हात टाकून ती ओळीच्या मधोमध उभी राहिली आणि ओळ चालू लागली. तिचा उजवा पाय नीट उचलत नाही, तिला पाय घासायला वेगळं सांगायची गरजच उरलेली नाही.

सुभाष माझ्याजवळ बांधावर उभा होता. त्यानं हळूच विचारलं, "सर, काही हारपनं का?"

"नाही," मी म्हटलं. "पिशव्या भरलेल्या आहेत."

"मंग काय दखी राहिनी ती?"

मी नदीकडे पाहू लागलो. ओळ पलीकडच्या टोकाला पोचली, वळली, आडव्या फेरीसाठी पुन्हा लागली. आमच्या समोरून जाताना अक्कानं आम्हा दोघांकडे पाहिलं.

"तुम्ही काय खांबासारखे उभे? जोडे काढा."

मी चपला काढल्या. शेजारी सुभाष एका पायावर तोल सावरत बूट ओढत होता. आम्ही येतो की नाही हे पाहायला ती थांबली नाही.